नव्या लॅपटॉपची बॅटरी : माझा अनुभव

इंदूरला, रामबागेतल्या आमच्या घरी नवा लॅपटॉप आणल्यापासून आठवडाभर मी पाहत होतो, की रात्री झाकण मिटून पिशवीत ठेवताना 90 टक्के असलेली बॅटरी सकाळी 60 वर आलेली असे आणि पिशवी आतून चक्क कोमट लागे. बॅटरी सदोष असल्याची शंका आधी दूर केली. विंडोजची ‘पॉवरसीएफजी’ ही आज्ञा वापरून काढलेल्या बॅटरीच्या अहवालात मूळ क्षमता आणि पूर्ण चार्जची क्षमता जवळजवळ सारखीच होती. खरे कारण वेगळे होते : विंडोजच्या ‘मॉडर्न स्टँडबाय’ या अर्धवट झोपेच्या अवस्थेत झाकण मिटल्यावरही वायफाय आणि अपडेट चालू राहू शकतात. म्हणून कंट्रोल पॅनेलमध्ये झाकण मिटताच ‘हायबरनेट’ होईल, म्हणजे उघडे काम डिस्कवर जतन होऊन लॅपटॉप बंद होईल, अशी व्यवस्था केली. लॅपटॉप सुरू व्हायला आता थोडा अधिक वेळ लागतो, पण तो मला मान्य आहे. आज सकाळी बॅटरी 89 टक्के होती.