शाफ्टवाल्या बाईकचा आवाज नेमका कुठून येतोय?

शाफ्ट ड्राइव्हच्या (साखळीऐवजी फिरत्या दांड्याने मागचं चाक फिरवणाऱ्या) बाईकला मागून आवाज येऊ लागला की थेट फायनल ड्राइव्ह (मागच्या चाकाजवळचा गिअरचा डबा) खोलायला देऊ नका. आधी हे तपासा, निम्मा खर्च वाचू शकतो.

१. कोल्हापूरजवळ कागलच्या बाजूला मोकळा, सरळ रस्ता बघून ५०-६० च्या वेगात क्लच दाबा आणि रेस सोडा. आवाज इंजिनाबरोबर खाली बसला तर दोष पुढे आहे. चाकाच्या वेगाप्रमाणे चालूच राहिला तर मागे.

२. रेस देताना-सोडताना सूर बदलणारी घूंघूं बेव्हल गिअरची (शाफ्टचं फिरणं चाकाकडे वळवणाऱ्या गिअरची) असते. रेसशी देणंघेणं नसलेली घरघर बहुधा बेअरिंगची. रेस उघडताच जोरात 'खट्' झालं तर स्प्लाइन (शाफ्टच्या टोकाचे खाचेदार दात) कोरडे किंवा झिजलेले, नाहीतर युनिव्हर्सल जॉइंट (शाफ्टला कोनात फिरू देणारा सांधा) गेलेला. हलकासा खटका मात्र शाफ्टला असतोच.

३. सेंटर स्टँडवर, न्यूट्रलमध्ये मागचं चाक वरच्या आणि खालच्या टोकाला धरून हलवा, मग पुढच्या आणि मागच्या टोकाला धरून. दोन्हीकडे ढिलं लागलं तर बेअरिंग गेलं. फक्त पुढे-मागे धरल्यावर लागलं तर स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्हट, म्हणजे फ्रेमकडचा सांधाही बघा.

४. फायनल ड्राइव्हचं ऑइल काढून त्याच्या ड्रेन प्लगचं (ऑइल काढायच्या बुचाचं) मॅग्नेट बघा. खरी साक्ष इथेच मिळते. करडी, मऊ पेस्ट चालते. चमकणारे पापुद्रे किंवा तुकडे दिसले तर बाईक चालवू नका. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. पंचगंगेच्या पुराच्या पाण्यातून बाईक काढली असेल तर हे आधी तपासा.

स्टँडवर गिअर टाकून आवाज ऐकू नका. चाक लोंबकळल्याने शाफ्टचा कोन वाढतो आणि चांगला जॉइंटही खडखडतो. शिवाय फिरत्या चाकात बोट जाण्याचा धोका वेगळाच.