सीव्हीटीएस आयसीयूत नवीन आहात? आधी शेवटची गोळी कधी घेतली ते विचारा

हृदयशस्त्रक्रियेच्या आयसीयूत नव्याने रुजू होणाऱ्या सिस्टर-ब्रदरांना मी एक सवय पहिल्याच ड्युटीला लावते. पेशंट ओटीतून आला, मॉनिटर लागला, की फाइल उघडायची आणि रक्त पातळ करणारी शेवटची गोळी कधी घेतली ते शोधायचं. रात्र कशी जाणार याचा अंदाज बऱ्याचदा तिथेच येतो.

बायपासच्या आधी अ‍ॅस्पिरिन सहसा चालूच ठेवतात. प्लेटलेट एकमेकींना चिकटू न देणाऱ्या दुसऱ्या गोळ्यांपैकी क्लोपिडोग्रेल 5 दिवस आधी बंद करतात, प्रासुग्रेल 7 दिवस. क्लोपिडोग्रेल प्लेटलेटला कायमची निकामी करते, नव्या तयार होईपर्यंत तिचा परिणाम पूर्ण जात नाही. इमर्जन्सी बायपासला गेलेल्या पेशंटला मात्र ते दिवस मिळालेलेच नसतात. रिपोर्टात प्लेटलेट दोन लाख, म्हणजे नॉर्मल दिसतात आणि ड्रेन (छातीतलं रक्त बाहेर आणणारी नळी आणि तिची बाटली) भरतच राहतो. आकडा बघून निर्धास्त होऊ नका. प्लेटलेट आहेत, पण काम करत नाहीत.

नातेवाइकांना नुसतं विचारून भागत नाही. ते ‘कोलेस्टेरॉलची गोळी’ म्हणतात आणि स्ट्रिपवर इकोस्प्रिन गोल्ड लिहिलेलं असतं. इकोस्प्रिन एव्हीत क्लोपिडोग्रेल नसतं, गोल्डमध्ये असतं. स्ट्रिप मागवा, स्वतः वाचा.

हार्ट-लंग मशीनवर घेण्यापूर्वी किलोमागे 300 ते 400 युनिट हेपारिन (रक्त गोठू न देणारं इंजेक्शन) देतात आणि शेवटी प्रोटामाइनने त्याचा परिणाम उतरवतात. तरी काही तासांनी शरीरात उरलेलं हेपारिन पुन्हा डोकं वर काढू शकतं. त्यामुळे ब्लीडिंग परत वाढलं तर एसीटी, एपीटीटी या रक्त गोठण्याच्या तपासण्यांचं लगेच विचारा. पेशंट गार पडला असेल, कॅल्शियम कमी असेल, तरी रक्त नीट गोठत नाही.

आता ड्रेन. दर तासाला बाटलीवर खूण करा, वेळ लिहा. तासाला 200 मिलीच्या आसपास सलग येत असेल तर सकाळच्या राउंडची वाट न बघता सर्जनना फोन करा. पण मला जास्त धास्ती वाटते ती अचानक थांबलेल्या ड्रेनची. 150, 140, आणि पुढच्या तासाला 10. नवीन माणसाला हायसं वाटतं. त्याच वेळी बीपी उतरत असेल, सीव्हीपी (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब) चढत असेल, लघवी कमी होत असेल, हातपाय गार लागत असतील, तर नळीत गाठ अडकून रक्त हृदयाभोवती साठतंय असंच धरून चला. हा टॅम्पोनाड. इथे मिनिटं मोजावी लागतात, कधीकधी छाती बेडवरच उघडावी लागते. रीओपनिंगचा, म्हणजे छाती पुन्हा उघडायचा ट्रे कुठे असतो ते पहिल्याच दिवशी बघून ठेवा.

कृत्रिम व्हॉल्व्हच्या पेशंटला काही दिवसांत अ‍ॅसिट्रॉम किंवा वॉरफेरिन ही रक्त पातळ करणारी गोळी सुरू होते. ती गोळी टाळता येत नाही, नाहीतर व्हॉल्व्हवरच गाठ बसते. पण पेसिंग वायर (ऑपरेशनच्या वेळी हृदयाला लावलेली तात्पुरती पेसमेकरची तार) काढताना रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून ती काढण्याआधी त्या दिवसाचा आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा) डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. वायर निघाल्यावर पेशंटला लगेच चालायला उठवू नका, बेडवरच ठेवून बीपी, पल्स बघत राहा.