जीभ सांभाळताना या चुका टाळा, दुखणं आत असतं

"तोंडातून निघून गेलं हो, मनात तसं काही नव्हतं." हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की आता दुसऱ्या कोणी म्हटलं तरी मला माझाच आवाज ऐकू येतो. आणि प्रभू येशू बायबलमधल्या लूक ६:४५ मध्ये बरोबर याच्या उलट सांगतो, की अंतःकरणात जे काठोकाठ भरलंय तेच तोंडावाटे बाहेर येतं. मनात होतं म्हणूनच निघालं. पहिली चूक हीच, निसटलेल्या शब्दाला अपघात समजायचं आणि पुढे जायचं.

मागे एकदा रविवारची उपासना आटोपून घरी आलो, जेवताना लेकाच्या हातून ग्लास कलंडला, अर्धा ग्लास पाणी फक्त, आणि मी असा काही ओरडलो की तो रिकामा ग्लास हातात धरून तसाच थिजला. पाण्यावर एवढा राग येतो का कोणाला? रात्री झोप लागेना तेव्हा उलगडलं, की त्या दिवशी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रार्थना चालवायला मला न विचारता मंडळीतल्याच दुसऱ्या एका विश्वासू भावाला सांगितलं होतं आणि ते मला खोल लागलं होतं. तिथे सगळ्यांशी हसून बोललो आणि वाफ घरी येऊन लेकरावर काढली. म्हणून सांगतो, कडू शब्द निघाला की तो कुणावर निघाला एवढंच बघू नका, त्याच्या आधीचे दोन-चार तास, दोन-चार दिवस मागे जाऊन बघा.

दुसरी चूक म्हणजे नुसतं तोंड बंद ठेवायचा नेम करणं. "आजपासून एक शब्द उलट बोलणार नाही", असं किती जणांनी ठरवलं असेल! स्तोत्र ३९ वाचा, दावीद राजानेही हेच ठरवलं होतं, तोंडाला लगाम घालीन म्हणाला, गप्प बसला, आणि आतून तापत गेला, शेवटी जीभ सुटलीच. पण बघण्यासारखं हे आहे की ती सुटली तेव्हा तो देवाशी बोलला. १ शमुवेलमधल्या मूल नसलेल्या हन्नाचंही तेच, तिची सवत पनिन्ना वर्षानुवर्षं तिला डिवचत होती, हन्नाने तिला उलट उत्तर दिल्याचं कुठे लिहिलेलं नाही, पण मंदिरात ती नुसते ओठ हलवत इतकी कळवळून प्रार्थना करत होती की एली याजकाला वाटलं ही प्यायली आहे. ती म्हणाली, मी परमेश्वरापुढे माझं मन मोकळं करतेय. आणि परतली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला नव्हता. गप्प राहणं चांगलंच, पण मन कुठेतरी रितं व्हायलाच लागतं, नाहीतर ते स्वयंपाकघरात रितं होतं.

याकोबाच्या पत्राचा ३रा अध्याय आपण नेहमी अर्धाच वाचतो असं मला वाटतं. जिभेला दिलेल्या लगाम, सुकाणू, आग या उपमा, मग "जीभ कोणालाही वश करता येत नाही" आणि १२व्या वचनाला संदेश संपतो. १४वं वचन वाचा ना, तिथे तो सरळ मनातल्या कडू मत्सरावर आणि स्वार्थी तटबाजीवर येतो. रोग तिथे आहे.

आता एक नाजूक गोष्ट. "त्यांच्यासाठी प्रार्थना करा हं, घरात बरंच काही चाललंय" म्हणून जे सुरू होतं ते बऱ्याचदा चहाडीच असते. ओळखायची खूण सोपी आहे, सांगून झाल्यावर तुम्ही त्या माणसासाठी खरंच प्रार्थनेला बसलात का, की फोन ठेवला आणि विषय संपला?

गोड बोलण्यालाही फसू नका, नीतिसूत्रे २६:२३ मध्ये मातीच्या भांड्यावर चांदीचा मुलामा म्हटलंय ते यालाच. आणि टाइप करून पाठवायच्या आधी डिलीट केलेला मेसेज, तो पाठवला नाही हे बरंच झालं, पण तो कोणी लिहिला होता हेही देवासमोर एकदा मान्य करा.

माफी मागतानाची चूक मला सगळ्यात मोठी वाटते. "माझा टोन चुकला, सॉरी." टोन नव्हे, मन चुकलं होतं. आणि उलट टोकाला काहीजण "मी असाच, माझी जीभच खराब" म्हणून हातपाय गाळून बसतात. यशया संदेष्टा म्हणाला होता, मी अशुद्ध ओठांचा माणूस आहे, आणि देवाने त्याला हाकललं नाही, वेदीवरचा निखारा त्याच्या ओठांना लावला, पाप दूर केलं आणि मग त्याच तोंडाने त्याला बोलायला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लेकाला जवळ घेऊन सांगितलं, बाळा, पाणी सांडलं म्हणून मी ओरडलो नाही रे, मला कोणाचातरी हेवा वाटत होता. त्याने विचारलं, कोणाचा? मी नाव सांगितलं नाही, पण दुपारी त्या भावाला फोन लावला.