एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात वंचित समाजांच्या विद्यार्थ्यांना आधार कसा द्यावा

गोव्यातील गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना अनुसूचित जमातींचा दर्जा २००३ मध्ये मिळाला, आणि बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचा वारसा मात्र १८४२ मध्ये सुरू झालेल्या पोर्तुगीजकालीन वैद्यकीय शाळेपर्यंत मागे जातो. या दोन सालांमधले अंतर ध्यानात घेतले, की सांगे, केपे किंवा काणकोणच्या एखाद्या वाड्यावरून आलेल्या मुलीला अभ्यासक्रमाबद्दल विचारावे असे घरात, बहुधा शेजारातही, कोणीच का नसते हे कळते. ती उणीव महाविद्यालयाने भरून काढायची आहे, आणि ती विद्यार्थी नापास होण्याआधी भरून काढायची आहे. पहिल्या वर्षाची परीक्षा उत्तीर्ण होण्यासाठी जास्तीत जास्त चार संधी मिळतात. त्यातली एक वाया गेल्यावर सुरू होणारी मदत फार उशिरा आलेली असते.

सर्वात जास्त लक्ष भाषेकडे द्यावे. प्राथमिक शिक्षण मराठीत किंवा कोकणीत झालेल्या विद्यार्थ्याला इंग्रजी वाचता येत नाही असे सहसा नसते. त्याला ती परीक्षकासमोर उभे राहून, घाई न करता, बोलता येत नाही. म्हणून विच्छेदनाच्या टेबलाभोवती पाच-सहा जणांचे गट करावेत आणि प्रत्येकाला एकेक रचना दोन मिनिटे समजावून सांगायला लावावी, आधी स्वतःच्या भाषेत आणि मग इंग्रजीत. चुकलेली शरीररचना लगेच सुधारावी, इंग्रजीचे व्याकरण मात्र त्या वेळी सोडून द्यावे. संज्ञाही फोडून सांगाव्यात. ‘ब्रॅकिअल प्लेक्सस’ पाठ करताना भल्याभल्यांची दमछाक होते. पण ‘ब्रॅकिअल’ म्हणजे दंडाशी संबंधित आणि ‘प्लेक्सस’ म्हणजे वेणीसारखी गुंफण, एवढे सांगून मानेतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या पाच मुळांची ती गुंफण फळ्यावर वेगवेगळ्या रंगांत काढून दाखवली, तर ती लक्षात राहते. हे सर्व संपूर्ण वर्गासाठी करावे. काही निवडक मुलांना ‘कच्चे’ म्हणून वेगळ्या खोलीत बसवले, की त्यांच्यावर शिक्का बसतो, आणि तो शिक्का टाळण्यासाठी मुले त्या खोलीकडे फिरकेनाशी होतात. तिसऱ्या आठवड्यात दहा गुणांची एक छोटी चाचणी घ्यावी, तिचे गुण कुठेही धरू नयेत, आणि उत्तरपत्रिका प्रत्येकाशी पाच मिनिटे बोलून परत द्यावी.

मेंटर शिक्षकाने भेटीचा वार आणि वेळ ठरवून टाकावी. ‘काही अडचण असेल तर सांग’ या वाक्याला ‘काही नाही, सर’ हेच उत्तर मिळते. त्याऐवजी नेमके विचारावे: गेल्या आठवड्यात कोणते प्रॅक्टिकल हुकले, मेसचे पैसे भरले का, घरी शेवटचे कधी जाऊन आलीस? शिष्यवृत्तीची रक्कम उशिरा जमा झाली, तर मधल्या महिन्यांत पुस्तके आणि हाडांचा संच ग्रंथालयातून किंवा विभागातून घरी नेता येईल अशी सोय ठेवावी.

वसतिगृहातला पहिला प्रश्न बहुतेक वेळा ‘नीटचा रँक किती?’ हा असतो, आणि त्यामागे जात विचारणे दडलेले असते. हा प्रश्न कोणी विचारू नये, शिक्षकांनी तर कदापि नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार जात, भाषा, जन्मस्थान किंवा आर्थिक स्थितीवरून केलेला छळही रॅगिंगच ठरतो. तक्रार आल्यावर ‘सिनियर आहेत, समजून घे’ असे म्हणणारे प्राध्यापक मी पाहिले आहेत. त्यानंतर त्या विद्यार्थ्याने पुन्हा कधी तोंड उघडले नाही. तक्रार लेखी घ्यावी, आणि तक्रार करणाऱ्याला खोली बदलायला लावू नये.

दिव्यांग विद्यार्थ्यांच्या बाबतीत, केवळ टक्केवारी पाहून त्यांना अपात्र ठरवता येत नाही, ते प्रत्यक्षात काय करू शकतात हे पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितले आहे. प्रयोगशाळेची मांडणीही त्याच दृष्टीने तपासावी.

वॉर्डात गेल्यावर चित्र पालटते. धारबांदोड्याहून आलेली आजी ‘घुंवळ येता’ म्हणते, तेव्हा तिला खोली गरगरते आहे की नुसता अशक्तपणा वाटतो आहे, हे तिच्या भाषेत विचारू शकणारा विद्यार्थीच चांगली हिस्टरी, म्हणजे आजाराची हकिकत, घेतो. हे कौशल्य सर्वांसमोर सांगावे आणि त्याला गुण द्यावेत. मात्र प्रत्येक राऊंडला त्यालाच दुभाषी करून बाकीच्यांची केस सोपी करून घेऊ नये; तेवढ्या वेळात त्याची स्वतःची तपासणी शिकायची राहून जाते.

आणि चाचणीत गुण कमी पडले, तर घरी इंग्रजी पत्र धाडू नये. आईवडिलांना फोन करून कोकणीत किंवा मराठीत बोलावे, मुलगा कोणत्या विषयात किती पुढे आला आहे ते आधी सांगावे, मग काय राहिले आहे आणि महाविद्यालय त्यासाठी काय करणार आहे ते सांगावे, आणि हा फोन विद्यार्थ्याला विचारूनच करावा.