शिडाच्या बोटीतला निवांत दिवस बिघडतो कुठे? या चुका टाळा

सकाळी भरपेट मिसळ, साडेदहाला दोना पावलाच्या जेट्टीवर, डब्यात तळलेले बांगडे, बर्फात बिअर आणि 'ग्रँड आयलंड गाठून सूर्यास्ताच्या आत परत' असा बेत. शिडाच्या बोटीने दिवसभर फिरायला गोव्यात येणाऱ्या आपल्या मंडळींचा कार्यक्रम बहुतेक वेळा असाच ठरलेला असतो. दुपारी दोनला त्यातली अर्धी मंडळी कठड्याला धरून ओकत असतात आणि उरलेली घड्याळ बघत असतात. बोट चांगली असते, तांडेल म्हणजे बोट चालवणारा जाणता असतो, आभाळ निरभ्र असतं. बेत मात्र मोटारीच्या सहलीसारखा आखलेला असतो. शिडाच्या बोटीला रस्ता नसतो. तिला वारा आणि भरती-ओहोटी असते, आणि त्या दोघांच्या वेळा ठरलेल्या असतात. गेली काही वर्षं घरच्यांबरोबर आणि मित्रांबरोबर या पाण्यात जातो आहे. प्रत्येक वेळी पुन्हा पटतं की दिवसाचा सगळा आनंद त्या वेळा पाळण्यात आहे.

उशिरा निघणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि बाकीच्या निम्म्या चुका हिच्यातूनच येतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर वाऱ्याचा एक रोजचा क्रम असतो. रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई. तो हलका, कोरडा, पूर्वेकडचा असतो आणि पाण्याला जेमतेम सुरकुत्या पाडतो. ऊन चढलं की तो विरत जातो. दहा-अकराच्या सुमाराला समुद्र आरशासारखा होतो, शीड लोंबकळतं. मग जमीन तापते आणि बारा-एकच्या दरम्यान वायव्येकडून खारा वारा सुरू होतो. तीन-चार वाजेपर्यंत तो चांगला जोर धरतो, लाटांना पांढरे तुरे येतात.

आता दोना पावला ते ग्रँड आयलंड हा रस्ता पाहा. बेट साधारण दक्षिण-नैर्ऋत्येला, सुमारे सहा सागरी मैलांवर. सकाळी सातला शीड उभारलं तर मतलई डाव्या कुशीवर येतो, बोट फारशी न कलता सरकत राहते आणि दीड-दोन तासांत बेटाचा आडोसा मिळतो. वारा पडतो त्या तासा-दीड तासात पोहायचं. पाणी तेव्हाच सगळ्यात शांत असतं. मग जेवण, थोडी विश्रांती, आणि एकच्या सुमाराला खारा वारा पुन्हा डाव्या कुशीवर घेऊन परत. बाजूने येणारा वारा ही शिडाच्या बोटीची सगळ्यात सुखाची चाल. दिवस जणू आपल्यासाठीच आखून दिलेला असतो.

साडेदहाला निघणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही. पडलेल्या वाऱ्यात इंजिन सुरू करावं लागतं, डिझेलच्या वासाने पोटात ढवळतं, बेटाशी पोहोचेपर्यंत लाटा उठलेल्या असतात, आणि पोहायची घाई होते ती नेमकी वारा चढत असताना.

बेट गाठलंच पाहिजे हा हट्टही सोडावा. वाटेत मुरगाव बंदराचा जहाजमार्ग आहे. मोठ्या जहाजाला झटकन वळता येत नाही, थांबता येत नाही. त्याच्यासमोरून 'आधी आपण निघून जाऊ' म्हणणारा तांडेल मला आजवर भेटला नाही, पण तसा आग्रह करणारे प्रवासी भेटले आहेत. "घाई करू नकात, वारो येतलो," असं आमचा मालवणचा तांडेल म्हणतो. त्याने आज दोना पावलाजवळच्या काबोच्या टेकडीखालीच नांगर टाकू म्हटलं, तर तिथेच टाकावा.

पौर्णिमेचा मुहूर्त धरणं

चांदणं मिळेल म्हणून लोक पौर्णिमेची तारीख धरतात. पोहायला आणि निवांत फिरायला हा दिवस गैरसोयीचा असतो.

किनाऱ्यावरच्या माणसांची भरती काढायची जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. पूर्ण भरतीची वेळ साधारण तीच. बंदरागणिक ती थोडी पुढेमागे होते, म्हणून नक्की वेळ तक्त्यात पाहावी, पण बेत आखायला हा हिशेब पुरतो. पौर्णिमेला आणि अमावास्येला उधाण असतं, म्हणजे पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि ओढही जास्त. शिवाय भरती अकराच्या सुमाराला संपली की दुपारभर ओहोटी. झुवारी नदीच्या मुखातून पाणी बाहेर धावतंय आणि वायव्येचा वारा आत ढकलतोय, अशी टक्कर होते. तिथे आखूड, उभ्या लाटा उठतात आणि परतीची वाट त्रासाची होते.

अष्टमीच्या आसपास याच्या उलट. भांगाचे दिवस असतात, पाण्याची ओढ कमी, आणि दुपारी भरती चढत असल्यामुळे येताना वारा आणि पाणी दोन्ही एका दिशेचे. मी तारीख नेहमी कालनिर्णयात अष्टमी-नवमी बघून ठरवतो.

हंगामाबद्दल दोन शब्द. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला म्हणजे सहलीचा समुद्र उघडला, असं नाही. लाटांचा फुगवटा सप्टेंबरातही राहतो. मे महिन्यात वादळाची धास्ती खरी असते. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते याच किनाऱ्याला घासून गेलं. आणि हिवाळ्यातही आभाळ निळं आहे म्हणून निर्धास्त राहू नये. इराणच्या आखाताकडे शमाल वारे सुटले की तिथल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून आपल्याकडे येतात. इथे वारा नसतो, तरी बोट डोलत राहते. हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज आदल्या रात्री पाहावा. लाटांची उंची मीटरभराच्या वर दाखवत असेल आणि सोबत लहान मुलं किंवा आजी-आजोबा असतील, तर मी बेत पुढे ढकलतो.

पोट भरून किंवा पोट रिकामं ठेवून निघणं

बोट लागण्याच्या भीतीने काही जण काहीच खात नाहीत. रिकाम्या पोटी मळमळ वाढते. तेलकट आणि तिखट खाऊन आलेल्यांचे हाल तर विचारू नका. निघण्याआधी तासभर मऊ भात किंवा पेज, चवीला मीठ आणि लोणच्याचा खार, एवढं पुरे. कोकणात पेज पिऊन दर्यावर जाण्याची पद्धत आहे, आणि ती शहाणपणाची आहे.

बोटीवरच्या जेवणाकडे मी फार जिव्हाळ्याने बघतो. वाऱ्यात आणि उन्हात भूक वेगळीच लागते, आणि त्या भुकेला साधं अन्न फार गोड लागतं. पण घरून सगळं तयार करून नेण्यात दोन चुका होतात.

पहिली नारळाची. ओलं खोबरं आणि नारळाचं दूध उन्हात तासा-दोन तासांत आंबायला लागतं. सकाळी सहाला केलेली सोलकढी दुपारी बाराला पिऊ नये. तिच्याऐवजी फुटी कढी न्या: कोकमाचं आगळ, पाणी, मीठ, ठेचलेली मिरची, कोथिंबीर, जिरं. नारळ नाही, म्हणून टिकते, आणि घामातून गेलेलं मीठही परत देते. दडपे पोहे आवडत असतील तर पातळ पोहे कोरडे न्या, कांदा-काकडी वेगळी न्या, आणि शहाळं बोटीवरच फोडून त्याच्या पाण्यात पोहे दडपा. वर शहाळ्यातली मलई, लिंबू आणि घरून आणलेली फोडणी. दहा मिनिटांत ताजं जेवण.

दुसरी चूक मासळीची. कोळंबीचं कालवण, मेयोनीजची सँडविचं, अंडी हे सगळं बर्फाच्या पेटीत नीट थंड राहिलं तरच खावं. बत्तीस अंशांच्या वर उन्हात असं अन्न तासाभरापेक्षा जास्त उघडं राहिलं, तर ते टाकून दिलेलं बरं. मासे खायचेच तर संध्याकाळी पणजीत परतून ताजे खा. बोटीवर मोड आलेल्या मुगाची कोशिंबीर, उकडलेली रताळी, भाजलेले शेंगदाणे, नाचणीची भाकरी आणि लसणाची चटणी, वेलची केळी, कलिंगड. कलिंगड घरीच कापून, बिया काढून डब्यात भरा. हलत्या बोटीवर सुरी नको.

पाणी माणशी तीन लिटर धरा. वाऱ्यामुळे घाम जाणवत नाही आणि तहान लागेपर्यंत उशीर झालेला असतो. बिअर नांगर उचलून धक्क्याला लागेपर्यंत बंदच ठेवावी. तोल, पोहणं आणि ऊन, तिन्ही ठिकाणी ती घात करते.

तरीही कोणाला मळमळलं तर

त्याला खाली केबिनमध्ये झोपवू नका, तिथे त्रास वाढतो. मोकळ्या हवेत, बोटीच्या मध्यापासून जरा मागे बसवा, नजर क्षितिजावर, मोबाईल खिशात. सुकाणू हातात द्या. पुढे बघावं लागतं, आणि बऱ्याच जणांना लगेच बरं वाटतं. आल्याची वडी चघळायला द्या. ओकायचं असेल तर वारा ज्या बाजूने येतो तिच्या विरुद्ध बाजूला, आणि कोणीतरी त्याचा लाइफ जॅकेटचा पट्टा धरून. गोळी घ्यायची तर निघण्याआधी तासभर, डॉक्टरांना विचारून. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुतेकदा उलटून पडते.

पाण्यात उडी आधी, विचार नंतर

माझे भाऊजी पुण्यात रोज तलावात किलोमीटरभर पोहतात. त्यांनी नांगर पडल्या पडल्या उडी मारली, मजेत मागच्या बाजूला पोहत गेले, आणि वळून पाहिलं तर बोट पन्नास-साठ मीटर दूर. पूर्ण जोराने हात मारूनही अंतर कमी होईना. ओहोटी सुरू झाली होती. तांडेलाने दोराला बांधलेली रिंग सोडली, ती वाहत त्यांच्यापर्यंत गेली, आणि आम्ही त्यांना ओढून घेतलं. त्यांचे हात अर्धा तास थरथरत होते. माझ्या बहिणीचा चेहरा मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून आमच्या बोटीवर क्रम ठरलेला आहे. नांगर धरला याची खात्री झाल्यावर इंजिन बंद, किल्ली काढलेली. मग शिडी पाण्यात. शिडाच्या बोटीचा काठ पाण्यापासून उंच असतो, शिडीशिवाय ताकदवान माणसालाही वर चढता येत नाही. मागे पंचवीस मीटरचा तरंगता दोर, टोकाला रिंग. मग नारळाच्या सोडणाचा तुकडा पाण्यात टाकून तो किती वेगाने सरकतो ते मिनिटभर बघायचं. चालत्या माणसाच्या वेगाने गेला तर कोणीही पाण्यात उतरायचं नाही. हळू सरकत असेल तर उतरायचं, पण आधी प्रवाहाविरुद्ध, बोटीच्या नाळेकडे म्हणजे पुढच्या टोकाकडे पोहायचं. दमलो तर पाणीच आपल्याला बोटीकडे आणतं. बोट चालवता येणारा एक माणूस कायम वर, नजर पाण्यावर.

पोहता येत नाही त्यांनीही पाण्यात उतरावं, लाइफ जॅकेट घालून, शिडीजवळ, दोर धरून. आईने पन्नाशीनंतर पहिल्यांदा समुद्रात पाय सोडले ते असेच. जॅकेट मात्र मापाचं हवं: खांद्याला धरून वर ओढलं तर कानापर्यंत येता कामा नये. मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा हवाच. आणि ते पेटीत ठेवण्यासाठी नसतं. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात एलिफंटाच्या फेरीबोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. अशा वेळी जॅकेट शोधायला सवड मिळत नाही.

खडकांवर पाय टेकवू नका. कालवांच्या कडा सुरीसारख्या असतात. जेलीफिश लागली तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने काढा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग धरा. श्वास लागला किंवा छातीत जड वाटलं तर थेट किनारा.

बोटीच्या छोट्या अडचणी

नांगर घसरतोय का हे डोळ्यांना कळत नाही. मासेमारीची जागा ध्यानात ठेवायला कोळी घेतात तशा किनाऱ्यावर एकामागे एक दोन खुणा धरा, झाड आणि घर. त्या एकमेकींपासून सरकत सुटल्या तर दोर आणखी सोडा. दोराची लांबी पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट हवी.

इंजिन सुरू आहे पण त्याला थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार मागून पडत नाही? ताबडतोब बंद करा. बहुतेकदा प्लॅस्टिकची पिशवी पाणी आत घेणाऱ्या तोंडाशी अडकलेली असते.

शीड बाजू बदलतं तेव्हा बूम, म्हणजे शिडाच्या तळाचा आडवा दांडा, डोक्याच्या उंचीवरून फिरतो. तांडेलाने हाक दिली की फोटो काढणाऱ्यांसकट सगळ्यांनी खाली बसायचं.

तटरक्षक दलाचा मदतीचा क्रमांक १५५४ निघण्याआधीच सगळ्यांनी फोनमध्ये घालून ठेवा. फोन पाण्यापासून जपणाऱ्या पिशवीत.

परतताना ओल्या कपड्यांवर खारा वारा लागतो आणि भर जानेवारीतल्या उन्हातही मुलं काकडतात. प्रत्येकासाठी एक कोरडा, लांब बाह्यांचा सदरा वेगळ्या पिशवीत ठेवा, आणि थर्मासमध्ये गवती चहा. काबोची टेकडी जवळ येईपर्यंत मुलं त्या सदऱ्यांत गुरफटून झोपलेली असतात.