कर्णबधिर व्यक्तीची मुलाखत: दुभाषी, कॅमेरा आणि 'मी' कोणाचा?

आयुष्याच्या आठवणी नोंदवून ठेवायच्या म्हणून खुणांच्या भाषेत बोलणाऱ्या व्यक्तीकडे जायचं आणि रेकॉर्डर ठेवायचा दुभाष्यासमोर, ही चूक नेहमी होते. मग हाती उरतो तो फक्त दुभाष्याचा आवाज. खरं बोलणं हातांत, भुवयांत आणि खांद्याच्या वळणात झालेलं असतं आणि ते कुठेच नोंदलं जात नाही. म्हणून आवाज दुय्यम, चित्र मुख्य. बाकीची सगळी मांडणी त्या चित्राच्या सोयीने करायची.

दुभाषी ठरवण्याआधी त्या व्यक्तीलाच विचारा की बोलणं कोणत्या मार्गाने हवंय. ऐकू न येणारे सगळे खुणांची भाषा वापरत नाहीत. उतारवयात ऐकू येईनासं झालेल्या माणसाला पडद्यावर टाइप होणारा मजकूर जास्त सोयीचा पडतो. ओठवाचनावर मात्र भिस्त ठेवू नका. 'पार', 'बार' आणि 'मार' ओठांवर एकसारखेच दिसतात, उरलेलं माणूस अंदाजाने जुळवतो आणि तासाभरात थकून जातो.

स्वतःसाठी शब्द कोणता वापरायचा, हेही तेव्हाच विचारून घ्या. कोणी 'कर्णबधिर' म्हणतं, कोणी ठसक्यात 'डेफ'. 'मूकबधिर' टाळा. ज्यांना स्वतःची पूर्ण भाषा आहे त्यांना मूक म्हणणं चुकीचंच आहे. अनेकांच्या लेखी बधिर असणं म्हणजे आधी एका भाषेचा समाज आणि मग जमलं तर अपंगत्व. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क कराराच्या ३०व्या कलमातही बधिर संस्कृतीचा वेगळा उल्लेख आहे. काहींना मात्र हे पटत नाही. तुम्ही आधीच बाजू घेऊन बसू नका.

घरातल्या माणसाला दुभाषी करू नका. भाऊ किंवा मुलगी प्रश्न पोचवण्याआधीच उत्तर देऊन मोकळी होते, आणि घराविषयी जे सांगायचं असतं ते तिच्यासमोर निघत नाही. बाहेरचा दुभाषीही त्या व्यक्तीला चालतो का, हे आधी विचारा. हा समाज लहान असतो आणि तोच दुभाषी तिच्यासोबत दवाखान्यातही गेलेला असू शकतो. तासाभराहून मोठी मुलाखत असेल तर दोन दुभाषी घ्या आणि त्यांना दर २० मिनिटांनी बदला. थकलेला दुभाषी थांबत नाही, तो गाळायला लागतो. ते तुमच्या लक्षातही येत नाही.

आता बसण्याची मांडणी. ती व्यक्ती तुमच्या समोर, दीड-दोन मीटरवर. दुभाषी तुमच्या शेजारी, खांद्याच्या किंचित मागे, म्हणजे तिला तुम्ही दोघं एकाच नजरेत दिसता. कॅमेरा ट्रायपॉडवर, तुमच्या दुसऱ्या खांद्यावरून. चौकटीत डोक्यावर चार बोटं जागा, खाली कंबर आणि दोन्ही बाजूंना कोपर पूर्ण पसरले तरी आत राहतील इतकी मोकळीक. सुरुवातीला मोठ्या खुणांचं एखादं वाक्य करायला सांगा. बोटं कापली जात असतील तर कॅमेरा मागे घ्या. चेहऱ्याचा जवळचा शॉट घेण्याचा मोह होतो, पण तो घेतलात की अर्धं वाक्य गेलं.

खिडकी तिच्या पाठीमागे नको, नाहीतर चेहरा काळा पडतो. वेग सेकंदाला ५० फ्रेम ठेवा. शटर १/१००, म्हणजे बोटं धुरकट होत नाहीत आणि ५० हर्ट्झच्या विजेवर दिवेही लुकलुकत नाहीत. वीज ६० हर्ट्झची असेल तर ६० फ्रेम आणि १/१२०. दुभाष्याच्या आवाजासाठी कॉलर माइक, आणि जमल्यास दुसरा कॅमेरा तुमच्या दोघांवर. दुसऱ्या कॅमेऱ्यामुळे दुभाष्याने तुमचा प्रश्न नेमका कसा पोचवला तेही नंतर तपासता येतं. सुरुवातीला दोन्ही कॅमेऱ्यांना दिसेल अशी एक टाळी वाजवा, जुळवणी सोपी जाते.

बोलताना तिच्याकडे बघा, दुभाष्याकडे नको. 'त्यांना विचारा की...' हे तर अजिबात नको. ती बोलत असताना कागदात डोकं घातलंत तर तुम्ही ऐकणं बंद केलंत असाच त्याचा अर्थ होतो, म्हणून प्रश्न पाठ करून जा. दुभाषी काही सेकंद मागे असतो, तेव्हा उत्तर संपल्यावर मनात तीन आकडे मोजा आणि मग पुढचा प्रश्न. आणि तिने मान डोलावली म्हणजे 'हो' असं धरू नका. बऱ्याचदा त्याचा अर्थ इतकाच, की तुमचं पोचतंय.

मराठीची खरी अडचण 'मी' म्हणताना येते. बाई बोलतेय आणि दुभाषी पुरुष आहे, तर त्याने 'मी गेले' म्हणायचं, 'मी गेलो' नाही. हे आधी ठरवा. शिवाय आठवण सांगताना ती मध्येच खांदा वळवून मास्तरांची भूमिका घेते आणि मास्तरांचं वाक्य बोलते. दुभाषीही 'मी' म्हणतो आणि लिहिताना मास्तरांचा राग तिच्या तोंडी जातो. बोटाने दाखवलेल्या माणसाला बहुतेक खुणांच्या भाषांत लिंग नसतं, मराठीत मात्र 'तो' की 'ती' ठरवावंच लागतं. शंका असेल तर तिथेच थांबवून विचारा.

पहिला प्रश्न 'ऐकू येणं कधी गेलं?' असा असेल तर पुढची मुलाखत केसपेपर होते. त्यापेक्षा विचारा: घरात खुणा कोण कोण करतं? मधल्या सुट्टीत कोणत्या भाषेत बोलायचात? तुमच्या नावाची खूण कोणी दिली? बहुतेक बधिर मुलांचे आईवडील ऐकणारे असतात, त्यामुळे भाषा घरातून नाही, शाळेतून आणि दोस्तांकडून येते. नावाच्या खुणेची, म्हणजे त्या माणसाच्या नावाऐवजी करायच्या खास खुणेची, गोष्ट म्हणजे अनेकदा त्या समाजात शिरल्याचीच गोष्ट असते. शिक्षेबद्दल विचारताना जपून. १८८० च्या मिलान परिषदेने शाळांत तोंडी पद्धतच हवी असा ठराव केल्यावर अनेक देशांत वर्गातून खुणा हद्दपार झाल्या आणि वृद्ध व्यक्तींच्या आठवणीत हातांवर बसलेले फटके असू शकतात.

नंतर लिहिताना तीन रकाने करा: वेळ, दुभाष्याचे शब्द, आणि चित्रफीत पाहून केलेलं दुरुस्त मराठी. तिसरा रकाना दुभाष्याकडून नको, खुणांची भाषा बोलणाऱ्या दुसऱ्या बधिर व्यक्तीकडून तपासून घ्या. नुसत्या मान हलवण्यातला नकार तिथेच सापडतो.

संमती खुणांच्या भाषेत, कॅमेऱ्यासमोर घ्या. लेखी मराठी अनेकांची दुसरी भाषा असते, कागदावरची सही पुरेशी नाही. एक गोष्ट स्पष्ट सांगा: चेहरा पुसट केला तर व्याकरणच पुसट होतं, त्यामुळे नाव लपवून चित्र दाखवण्याची सोय इथे नाही. ओळख लपवायची असेल तर तेच बोलणं दुसऱ्या बधिर व्यक्तीकडून पुन्हा करून घेता येतं, किंवा फक्त मजकूर छापता येतो. कोणता पर्याय हवा ते तिला चित्रफीत दाखवल्यानंतर विचारा, आधी नाही.