पॉप-अप व्याख्यान घ्यायचंय? आधी जागा बघून या

पहिल्यांदाच व्याख्यान घेणारे बहुतेक जण वक्त्यापासून सुरुवात करतात. कुणाला बोलवायचं, विषय कोणता, पोस्टरवर नाव कसं दिसेल. सभागृहातल्या कार्यक्रमाला हा क्रम चालून जातो. पॉप-अप व्याख्यानात मात्र मी आधी जागा ठरवते आणि नव्या मंडळींनाही तेच सांगते. वाचनालयाचा कोपरा, रिकामा गाळा, बागेतली मोकळी जागा, कॅफेचा मागचा भाग अशा ठिकाणी तास-दीड तासापुरतं व्याख्यान उभं राहतं आणि नंतर जागा पूर्ववत होते. तिथे व्यासपीठ नसतं, अंधार करता येत नाही, आजूबाजूचे व्यवहार थांबत नाहीत. बोलणं किती वेळ चालेल, स्लाइड दिसतील का, प्रश्न कसे घ्यायचे, हे सगळं ती जागाच ठरवते.

जागा बघताना पहिला प्रश्न विचारायचा: इथली माणसं बसलेली असतात की चालत असतात?

दोन्हींसाठी उत्तम नमुने आहेत. १९९२ मध्ये मार्क सोते यांनी पॅरिसमधल्या एका कॅफेत तत्त्वज्ञानाच्या खुल्या चर्चा सुरू केल्या. त्यावरून डंकन डॅलस यांना कल्पना सुचली आणि १९९८ मध्ये त्यांनी इंग्लंडमधल्या लीड्स शहरात विज्ञानाचा असाच कॅफे सुरू केला. तिथे बसलेल्या माणसांचा विचार होता: वक्त्याचं छोटंसं बोलणं, मग मध्यंतर, मग भरपूर चर्चा. २०११ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या ‘सोपबॉक्स सायन्स’ने दुसरी वाट धरली. महिला वैज्ञानिक वर्दळीच्या जागी खोक्यावर उभ्या राहून आपलं संशोधन सांगू लागल्या. येणारा-जाणारा थांबतो, ऐकतो, विचारतो आणि पुढे जातो. तिथे वीस मिनिटांचं सलग भाषण करून उपयोग नाही. पाच-सात मिनिटांत पूर्ण होणारं, पुन्हा पुन्हा सांगता येणारं आणि मधूनच ऐकायला लागलं तरी कळणारं बोलणं लागतं. स्लाइडऐवजी हातात धरून दाखवता येईल अशी वस्तू लागते.

आपली जागा कुठल्या प्रकारची हे ठरलं की वक्त्याला नेमकं काय सांगायचं ते आपोआप कळतं.

जागा बघायला जायचं ते कार्यक्रमाच्याच वारी आणि त्याच वेळी. सकाळी शांत असलेला कोपरा संध्याकाळी ओळखू येत नाही. सोबत एकाला घेऊन जा. एकाने वक्त्याच्या जागी उभं राहून पुस्तकातलं पान नेहमीच्या आवाजात वाचायचं आणि दुसऱ्याने मागे मागे सरकत जायचं. आवाज येतोय पण शब्द सुटायला लागलेत, अशी एक जागा येते. तिथे खूण करा. माईक नसेल तर शेवटची रांग त्या खुणेच्या बरीच अलीकडे हवी, कारण प्रत्यक्षात माणसांची हालचाल आणि कुजबुजही असणार. उघड्यावर तर अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो आणि तो परतवायला भिंतीही नसतात. म्हणून बागेत किंवा चौकात लांबलचक रांगांपेक्षा अर्धवर्तुळ बरं. सगळेच जवळ राहतात.

त्याच फेरीत बाकीचंही विचारून घ्यायचं. परवानगी लेखी कोण देणार, किल्ली कुणाकडे, प्लग कुठे, बाहेर पडायची दुसरी वाट आहे का, व्हीलचेअर आत येते का. हे कंटाळवाणं वाटतं, पण यातलं काहीही ऐनवेळी सोडवता येत नाही.

वक्त्याशी मी ईमेलवर न ठरवता प्रत्यक्ष किंवा फोनवर निवांत बोलते. विषयातलं काय सांगताना त्यांचा आवाज बदलतो ते तेव्हाच कळतं आणि व्याख्यान त्या भागावर बेतायचं. बसलेल्या श्रोत्यांसाठी मी वीस मिनिटं मागते. तासभर बोलायची सवय असलेल्यांना हे अपुरं वाटतं, तेव्हा मी सांगते की उरलेलं सगळं प्रश्नांमधून येणार आहे, आणि ते खरोखर येतं. एकापेक्षा जास्त वक्ते असतील तर पेचाकुचाची रीत उपयोगी पडते. २००३ मध्ये टोकियोत सुरू झालेल्या या प्रकारात २० स्लाइड असतात, प्रत्येक स्लाइड २० सेकंदांनी आपोआप बदलते आणि ६ मिनिटं ४० सेकंदांत बोलणं संपतं. कुणालाही ‘आवरा’ म्हणायची वेळ येत नाही.

प्रसिद्धीबद्दल एवढंच, की कार्यक्रम किती वाजता संपणार आणि मध्येच उठून गेलं तर चालेल का, हे स्पष्ट लिहा. अनोळखी माणूस यायला तयार होतो तो या दोन गोष्टींमुळे.

आता प्रश्नोत्तरं. माझ्या मते पॉप-अप व्याख्यानाचा प्राण इथे आहे आणि सूत्रसंचालकाचं खरं काम इथेच सुरू होतं. बोलणं संपल्यावर लगेच ‘काही प्रश्न?’ म्हटलं की तज्ज्ञ हात वर करतात आणि बाकीचे गप्प बसतात. म्हणून मध्ये दहा मिनिटांची सुट्टी ठेवा. त्या वेळात शेजारी शेजारी बसलेली माणसं एकमेकांना विचारतात, ‘तुम्हाला ते मधलं कळलं का?’ आणि तिथेच प्रश्न तयार होतात. सूत्रसंचालकाने या गटांमधून फिरावं आणि एखादा चांगला प्रश्न कानावर पडला तर ‘हा नक्की विचारा’ म्हणून सांगावं. सुट्टीनंतर पहिला प्रश्न त्यांचाच घ्यायचा. सामान्य माणसाने साधा प्रश्न विचारला की इतरांची भीड मोडते.

माईक श्रोत्याच्या हाती सोडू नका, तुम्ही धरून ठेवा. कुणी प्रश्नाऐवजी स्वतःचं मत मांडत बसलं तर ‘यातला तुमचा प्रश्न एका वाक्यात सांगाल का?’ असं आपुलकीने विचारता येतं. प्रत्येक प्रश्न मोठ्याने पुन्हा सांगा. मागच्यांना तो ऐकू जातो आणि वक्त्याला विचार करायला दोन क्षण मिळतात. शांतता पसरली तर घाबरून स्वतः बोलू नका. मनात दहापर्यंत मोजा, तेवढ्यात कुणीतरी हात वर करतंच.

ठरलेल्या वेळेला थांबवा, प्रश्न शिल्लक असले तरी. ज्यांना वक्त्याशी बोलायचंय ते थांबतात, त्यांच्यासाठी एक बाजू मोकळी ठेवा आणि दुसरीकडे खुर्च्या, वायरी आवरायला घ्या. निघताना जागेच्या व्यवस्थापकांना सगळं दाखवून किल्ली द्या आणि कामात अडचण कुठे झाली ते विचारा. पुढच्या तारखेचं बोलणं तेव्हाच करून घ्या.